कोलंबस, इंडियाना : ७ जून २००८ चा पूर आणि न मोजलेला ओढा

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील कोलंबस या शहरात शनिवार, ७ जून २००८ रोजी आलेल्या पुरामुळे तेथील मुख्य रुग्णालय काही तासांत रिकामे करावे लागले आणि पुढे जवळपास पाच महिने ते पूर्णपणे सुरू होऊ शकले नाही. शहराच्या पश्चिम कडेला दोन नद्यांचा संगम आहे, तेथे पूर नेहमीच येतो, आणि त्याची सवय प्रशासनालाही होती व रहिवाशांनाही. मात्र रुग्णालय बुडवले ते या नद्यांनी नव्हे, तर शहराच्या मध्यातून वाहणाऱ्या हॉ क्रीक नावाच्या एका ओढ्याने. त्या ओढ्याची पातळी शहरात मोजली जात नव्हती. ज्या पाण्यावर लक्ष होते ते आणि ज्या पाण्याने घात केला ते, या दोहोंतील अंतर हा या प्रकरण अभ्यासाचा विषय आहे. नियोजनातील चूक कोणा एका व्यक्तीची किंवा खात्याची होती असे येथे सुचवायचे नाही. ती अनेक दशकांच्या वाजवी वाटणाऱ्या निर्णयांतून साचत गेलेली होती.

शहर आणि त्याचे रस्ते

कोलंबस हे बार्थोलोम्यू काउंटीचे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) मुख्यालय असून ते १८२१ मध्ये वसवले गेले. २०१० च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ४४,०६१ आणि संपूर्ण काउंटीची ७६,७९४ होती, म्हणजे आपल्याकडील तालुक्याच्या मध्यम गावाएवढाच हा व्याप. तरीही हे नाव दोन कारणांसाठी दूरवर पोहोचले आहे. पहिले कारण डिझेल इंजिनांचे. १९१९ मध्ये येथे स्थापन झालेल्या कमिन्स कंपनीचे जागतिक मुख्यालय आजही याच शहरात आहे. पुण्यातील वाचकांना हे नाव नवे नाही, कारण १९६२ मध्ये किर्लोस्करांच्या भागीदारीतून कोथरूडला उभा राहिलेला किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना आणि १९९१ पासून चालत आलेले कर्वेनगरातील मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय ही त्याच कंपनीशी जोडलेली नावे आहेत. या दुव्यामुळे कोलंबसमध्ये कामानिमित्त गेलेली, काही तेथेच स्थिरावलेली मराठी कुटुंबेही आहेत. दुसरे कारण वास्तुकलेचे. कमिन्सच्या प्रतिष्ठानाने १९५० च्या दशकात नावाजलेल्या वास्तुविशारदांचे मानधन स्वतः देऊ केले आणि सार्वजनिक इमारतींसाठी त्यांना बोलावण्याची प्रथा पाडली. एलिएल सारिनेन, ईरो सारिनेन, आय. एम. पेई, हॅरी वीझ, रॉबर्ट व्हेंचुरी अशांच्या इमारती एवढ्याशा गावात उभ्या आहेत. ज्या रुग्णालयाची ही हकिकत आहे, त्या कोलंबस रीजनल हॉस्पिटलच्या १९९० च्या दशकारंभीच्या इमारतीचे वास्तुविशारद रॉबर्ट ए. एम. स्टर्न हे होते. १९१७ मध्ये बार्थोलोम्यू काउंटी हॉस्पिटल म्हणून सुरू झालेली ही संस्था परिसरातील अनेक काउंट्यांचा आधार आहे.

भूगोल मात्र या कीर्तीची फिकीर करत नाही. उत्तरेकडून फ्लॅटरॉक आणि वायव्येकडून ड्रिफ्टवुड या नद्या शहराच्या पश्चिम टोकाला, मिल रेस पार्क या उद्यानापाशी एकत्र येतात आणि तेथून पुढे त्यांना ईस्ट फोर्क व्हाइट रिव्हर असे नाव मिळते. ईशान्येकडून, होप या लहान गावाच्या परिसरातील शेतांतून निघालेला हॉ क्रीक शहराच्या आतून वाहत जाऊन दक्षिणेला याच नदीला मिळतो. त्याच्याही पूर्वेला क्लिफ्टी क्रीक आहे. थोडक्यात, जुने शहर पश्चिमेला नदी आणि पूर्वेला ओढा यांच्यामधील पट्ट्यावर वसले आहे आणि नंतरची वाढ ओढ्याच्या पलीकडे गेली आहे.

महामार्गांचा नकाशा या पाण्याच्या नकाशावर ठेवून पाहिल्याशिवाय प्रकरण समजत नाही. इंडियानापोलिस आणि लुइव्हिल या महानगरांना जोडणारा आंतरराज्य महामार्ग ६५ शहराच्या पश्चिमेकडून, नदीच्या पलीकडून जातो. त्यावरील ६८ क्रमांकाच्या निर्गमाने उतरून राज्य मार्ग ४६ ने शहरात यायचे झाले, तर पूरमैदान पार करून पुलावरून नदी ओलांडावी लागते. ७६ क्रमांकाच्या निर्गमापाशी, टेलर्सव्हिलला, यूएस ३१ हा जुना राष्ट्रीय मार्ग मिळतो. तो शहराच्या उत्तर आणि पूर्व बाजूंना वळसा घालून दक्षिणेला सेमूरकडे जातो, पण त्या वळशात त्याला फ्लॅटरॉक नदी आणि हॉ क्रीक दोन्ही ओलांडावे लागतात. दक्षिणेकडे जाणारा राज्य मार्ग ११ इतक्या सखल भागातून जातो की नदीला पाणी चढले की तो बंद होणार, हे स्थानिक लोक गृहीतच धरतात. शहराच्या आत, मध्यवर्ती भागाला पूर्वेकडील वस्त्यांशी जोडणारे रस्तेही ओढ्यावरील पुलांवरूनच जातात. म्हणून पश्चिमेची नदी आणि मधला ओढा एकाच दिवशी भरले, तर शहर बाहेरच्या जगापासून तुटते आणि स्वतःमध्येही दुभंगते. नकाशावर चहूबाजूंनी रस्ते दिसत असल्याने कोलंबस चांगले जोडलेले शहर वाटते. त्या रस्त्यांपैकी कोणता रस्ता पाण्यावरून न जाता शहरात येतो, असा प्रश्न विचारला की चित्र बदलते.

काउंटीतील ग्रामीण रस्त्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. अमेरिकेच्या या भागात सरकारी भूमापनाने जमीन एक मैल बाजूच्या चौकोनांत कापली, आणि काउंटीचे रस्ते बहुतांशी त्या रेषांवरच पडले. मुख्यालयाच्या आधाररेषेपासून चार मैल उत्तरेला असेल तर त्या रस्त्याचे नाव ‘४०० नॉर्थ’. ही पद्धत पत्ता शोधायला अतिशय सोयीची आहे, परंतु सरळ रेषेला ओढा कोठे आडवा येतो याची तिला पर्वा नसते. परिणामी हॉ क्रीकसारखा नागमोडी प्रवाह अशा रस्त्यांना पुनःपुन्हा छेदतो आणि प्रत्येक छेदावर एक लहान पूल किंवा मोरी येते. रात्रीच्या अंधारात कोणती मोरी पाण्याखाली आहे हे तेथे जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही.

पावसाचे दोन दिवस

२००८ चा वसंत ऋतू इंडियानात नेहमीपेक्षा ओला गेला होता. मक्याची आणि सोयाबीनची पेरणी झालेली शेते आधीच पाण्याने तुडुंब होती, नद्यांची पातळी वर होती. ६ आणि ७ जून रोजी राज्याच्या मध्य आणि दक्षिण भागात २ इंचांपासून १० इंचांहून अधिक पाऊस पडला. कोलंबसच्या उत्तरेला, ड्रिफ्टवुड नदी जेथे तयार होते त्या एडिनबर्ग गावाचा परिसर सर्वाधिक झोडपल्या गेलेल्या पट्ट्यात होता. हा पाऊस कोरड्या जमिनीवर पडला असता तर त्याचा मोठा वाटा मुरला असता. भिजून गच्च झालेल्या जमिनीवर तो जवळजवळ पूर्ण वाहून ओढ्यांत उतरला.

येथे शेतीच्या निचऱ्याचा उल्लेख करणे भाग आहे. हिमनद्यांनी सपाट केलेल्या या प्रदेशात शेतात पाणी साचते, आणि म्हणून एकोणिसाव्या शतकापासून शेतकऱ्यांनी जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या पुरल्या आहेत, ज्यांचे पाणी चरांतून ओढ्यांत सोडले जाते. इंडियानात या चरांचा कारभार पाहण्यासाठी प्रत्येक काउंटीत निचरा मंडळ असते, आणि काउंटीचा निवडून आलेला भूमापक त्याच्या कामात मध्यवर्ती असतो. एरवी हीच व्यवस्था मक्याचे उत्पन्न देते. अतिवृष्टीत या नळ्यांचा वाटा किती आणि भिजलेल्या जमिनीचा किती, हे प्रत्येक पाणलोटात वेगळे असते, त्यामुळे सगळा दोष नळ्यांवर टाकणे मला योग्य वाटत नाही. परंतु ज्या संस्थेचे काम पाणी शेतातून लवकर बाहेर काढणे हे आहे आणि ज्या संस्थेचे काम पाणी शहरात उशिरा येऊ देणे हे असायला हवे, त्या दोन्ही एकाच ओढ्याच्या दोन टोकांवर काम करतात, एवढे तरी लक्षात घ्यावे लागते.

मोठी नदी आणि लहान ओढा यांच्या वागण्यातील फरक त्या शनिवारी निर्णायक ठरला. ईस्ट फोर्क व्हाइट रिव्हरचे पाणलोट क्षेत्र मोठे आहे. वरच्या भागात पडलेला पाऊस शहरापर्यंत पोहोचायला वेळ घेतो, वाटेत जलमापन केंद्रे आहेत, आणि हवामान खाते पातळीचा अंदाज आधी देऊ शकते. हॉ क्रीकचे पाणलोट त्या मानाने अगदी लहान आहे. ढग फुटल्यापासून पाणी शहरात शिरेपर्यंत मिळणारा अवधी थोड्या तासांचा असतो, आणि त्या तासांत पाणी किती चढले हे सांगणारे यंत्र ओढ्यावर शहरात नव्हते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने पुरानंतर केलेल्या अभ्यासात कोलंबसमधील हॉ क्रीकची नोंद ‘मापक नसलेले ठिकाण’ अशीच आहे. पाणी ओसरल्यानंतर भिंतींवर, झाडांवर आणि खांबांवर उरलेल्या खुणा मोजून तेथील प्रवाहाचा अंदाज बांधावा लागला. त्या अंदाजानुसार हा पूर शंभर वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुरापेक्षाही मोठा होता.

रुग्णालय

शनिवारी दुपारनंतर हॉ क्रीक पात्राबाहेर पडला आणि सतराव्या रस्त्यावरील रुग्णालयाच्या आवारात पाणी शिरले. तळघर भरले, आणि पाणी तळमजल्यापर्यंत आले.

आता तळघरात काय होते ते पाहावे, कारण प्रकरणाचा गाभा तेथे आहे. प्रयोगशाळा, औषधभांडार, स्वयंपाकघर, संगणक यंत्रणा आणि इमारतीच्या वीजपुरवठ्याची व यंत्रसामग्रीची बरीचशी व्यवस्था जमिनीखाली होती. ही मांडणी विचित्र मुळीच नव्हती. त्या काळातील बहुतेक रुग्णालये अशीच बांधली जात. वरच्या मजल्यांवरील प्रकाश आणि मोकळी जागा रुग्णांसाठी, आणि रुग्णाला न दिसणारी कामे खाली, हे तर्काने अगदी बरोबर आहे. अडचण अशी की रुग्णालय ज्यांच्या जोरावर रुग्णालय असते, त्या सगळ्या सेवा अशा मांडणीत एकाच पातळीवर येतात. आग, वीजखंडन, यंत्रातील बिघाड अशा संकटांत एखादी सेवा बंद पडते आणि बाकीच्या तिला सावरून घेतात. तळघरात पाणी आल्यावर वीज, रक्ततपासणी, औषधे, रुग्णांच्या नोंदी आणि जेवण एकदमच गेले. वरच्या मजल्यांवरील खोल्या कोरड्या होत्या, खाटा जागेवर होत्या, डॉक्टर आणि परिचारिका हजर होत्या, आणि तरीही तेथे उपचार करणे अशक्य झाले होते.

त्या वेळी दाखल असलेल्या १५७ रुग्णांना सायंकाळपासून बाहेर काढण्यात आले. वीज तोडलेली असल्यामुळे उद्वाहने बंद होती, आणि हिंडता न येणाऱ्या रुग्णांना अंधाऱ्या जिन्यांवरून हातांवर उचलून खाली आणावे लागले. जिन्याच्या प्रत्येक वळणावर आडवी झोळी तिरकी करावी लागते, सलाइनची बाटली कोणीतरी वर धरून ठेवावी लागते, आणि खालच्या माणसाने विजेरीच्या उजेडात पायरी सांगावी लागते. अशा कामाला प्रत्येक रुग्णामागे चार-सहा माणसे लागतात. शेजारच्या काउंट्यांतून आलेल्या रुग्णवाहिकांनी रुग्णांना इतर रुग्णालयांत पोहोचवले. स्थलांतर यशस्वी झाले ही वस्तुस्थिती आहे आणि तिचे श्रेय तेथील कर्मचाऱ्यांच्या सरावाला व शेजारधर्माला दिलेच पाहिजे. मात्र त्याच वेळी इंडियानापोलिसच्या दक्षिणेकडील आंतरराज्य महामार्गाचे काही भाग पाण्यामुळे बंद होते. रुग्णवाहिकेच्या चालकाला ठाऊक असलेला नेहमीचा रस्ता त्या रात्री रस्ता असेलच याची शाश्वती नव्हती. रुग्णालयाच्या आपत्ती आराखड्यात इमारतीबाहेर पडण्याचे मार्ग बारकाईने आखलेले असतात. शहराबाहेर पडण्याचे मार्ग मात्र महामार्ग खात्याचा विषय मानला जातो. या प्रकरणात पहिला प्रश्न दुसऱ्याशिवाय सोडवता येत नव्हता.

रुग्णालयाबरोबर शहराचा रोजगारही भिजला. कमिन्सची दक्षिण इंडियानातील चार ठिकाणे पुरात सापडली आणि त्यांत हॅरी वीझ यांनी आखलेले, हॉ क्रीकजवळचे तांत्रिक केंद्र होते, जेथे इंजिनांच्या चाचण्या आणि संशोधन चालते. कोलंबसमधील या केंद्राशी पुण्यातील अभियंत्यांचे रोजचे काम जोडलेले असते, त्यामुळे होप गावाकडच्या शेतांतून वाहून आलेल्या पाण्याची झळ कोणाकोणाच्या टेबलापर्यंत पोहोचली असेल याची कल्पना करता येते. घरांचे नुकसान मोठे होते आणि त्यातील एक बाब वेगळी नोंदवण्यासारखी आहे. अमेरिकेत गृहकर्ज देताना पूरविम्याची सक्ती फक्त एक टक्का संभाव्यतेच्या पूररेषेच्या आतील घरांना असते. ही रेषा म्हणजे महाराष्ट्रातील लाल पूररेषाच, दोन्हींचा आधार शंभर वर्षांचा पूर. रेषेबाहेरच्या घरमालकाला विमा घेण्याची सक्ती नसते, म्हणून सहसा तो घेतही नाही. पाणी रेषा पाहून थांबत नाही. विमा नसलेल्या कुटुंबाला संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेकडून, म्हणजे फेमाकडून, त्या वर्षी मिळू शकणारी कमाल वैयक्तिक मदत २८,८०० डॉलर होती; तळघर, घर उबदार ठेवणारी भट्टी, वायरिंग आणि फरशी एकदम गेलेल्या घरासाठी ही रक्कम अपुरी असते.

त्या रेषेविषयी आणखी एक. ‘शंभर वर्षांचा पूर’ या शब्दप्रयोगामुळे तो शंभर वर्षांनी येईल असे ऐकणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात अर्थ एवढाच की कोणत्याही एका वर्षात त्याची शक्यता एक टक्का आहे. तीस वर्षांचे गृहकर्ज फिटेपर्यंत तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते, म्हणजे चारांत एक. बँकेच्या कागदांत हाच आकडा छापला असता तर रेषेच्या आतबाहेरच्या अनेकांनी वेगळा निर्णय घेतला असता, असे मला वाटते.

पुनर्बांधणी आणि पैशांचा हिशेब

राष्ट्राध्यक्षांनी ८ जून रोजी आपत्ती जाहीर केली आणि पुढे राज्यातील ३९ काउंट्या तिच्या कक्षेत आल्या. व्हाइट रिव्हरच्या खोऱ्यात या पुराने तीन बळी घेतले.

रुग्णालयाचे नुकसान सुमारे १८ कोटी डॉलर धरले गेले. तात्काळ उपचारांसाठी नॉर्थ कॅरोलायनातून मेड-१ हे फिरते रुग्णालय आणण्यात आले. मोठ्या ट्रेलरांवर उभारलेल्या या एककात अपघात विभाग आणि शस्त्रक्रियेची सोय असते. बंद काळात संस्थेने कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केले नाही. हा निर्णय मला सर्वांत दूरदृष्टीचा वाटतो. लहान शहरातून प्रशिक्षित परिचारिका एकदा मोठ्या शहरात गेल्या की परत येत नाहीत, आणि यंत्रे नवी आली तरी चालवणारी माणसे नसतील तर दुरुस्त इमारत कोणाच्या कामाची? सेवा टप्प्याटप्प्याने सुरू होत २७ ऑक्टोबर २००८ रोजी रुग्णालय पुन्हा उघडले.

पैशांचा वाद मात्र त्यानंतरही चालला. फेमाकडून संस्थेला सुमारे ७ कोटी डॉलर मिळाले. आणखी सुमारे २ कोटी मिळायला हवे होते असे तिचे म्हणणे होते. वादाचा एक मुद्दा विम्याचा होता. खासगी विमा कंपनीने दिलेली रक्कम फेमाने आपल्या मदतीतून वजा केली. बंद काळात बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई फेमा करत नाही, म्हणून विम्याची रक्कम आधी त्या तोट्याकडे लावावी, असा रुग्णालयाचा युक्तिवाद होता. २०१३ मध्ये सातव्या सर्किटच्या, म्हणजे इंडियाना ज्या न्यायविभागात येते तेथील, संघीय अपील न्यायालयाने फेमाची बाजू उचलून धरली. कायद्याच्या भाषेत निकाल सरळ आहे. व्यवस्थापनाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की विमा घेतानाच, आपत्तीनंतर सरकारी मदत कशी आणि कोणत्या क्रमाने मोजली जाईल, याचा हिशेब मांडून ठेवावा लागतो. पाणी ओसरल्यावर तो मांडायला घेतला तर पाच वर्षे जातात.

रुग्णालयाने दुरुस्तीत मांडणी बदलली. अत्यावश्यक सेवा तळघरातून वर हलवण्यात आल्या आणि पुढे इमारतीभोवती पूरभिंत बांधण्यात आली, जिच्यातील वाहनांच्या वाटा पूर आल्यास दारांनी बंद करता येतात. यांपैकी कोणता उपाय अधिक महत्त्वाचा, असे विचारले तर मी पहिल्याकडे झुकेन. भिंत एका ठरावीक उंचीपर्यंतच्या पाण्याला अडवते आणि तिची दारे वेळेवर लावणारे कोणी जागेवर असावे लागते. वर हलवलेले औषधभांडार कोणाच्या जागेपणावर अवलंबून नसते. पण भिंत लोकांना दिसते, तिच्यासाठी निधी मागणे सोपे जाते, आणि त्यामुळे सार्वजनिक चर्चेत तिलाच अधिक जागा मिळते.

मोजमापातही बदल झाला. हॉ क्रीकवर मापकयंत्रे बसवण्यात आली, आणि भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने ईस्ट फोर्क व्हाइट रिव्हरच्या शहरालगतच्या पट्ट्यासाठी पाणी-पसराचे नकाशे तयार केले. नदीची पातळी अमुक फूट झाली तर कोणता रस्ता आणि कोणती गल्ली पाण्याखाली जाईल, हे त्यांवर पातळीनिहाय पाहता येते. एखाद्या शहराने केवळ पूररेषेवर न थांबता असा नकाशा हाती घ्यावा याला मोठे व्यावहारिक मूल्य आहे. रेषा घरमालकाला फक्त आत किंवा बाहेर एवढेच सांगते; पातळीनिहाय नकाशा रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षाला सांगतो की अजून दोन फूट पाणी चढले तर कोणता पूल वापरता येणार नाही.

जे सुटले नाही

पुरानंतरच्या सगळ्या उपायांत एक समान धागा दिसतो. ते पाणी शहरात आल्यानंतर काय करायचे याविषयीचे आहेत. भिंत, उंचावलेली यंत्रे, मापक, नकाशे, सर्व खालच्या टोकाला. वरच्या टोकाला, होपच्या परिसरातील शेतांत पाणी थोडे अधिक वेळ थांबवता येईल का, हा प्रश्न बाजूला राहतो, कारण तेथे शहराचा अधिकार चालत नाही. तेथे काउंटीचे निचरा मंडळ आहे आणि त्या मंडळाकडे पैसा येतो तो चराचा लाभ घेणाऱ्या जमीनमालकांकडून. जूनमध्ये मक्याच्या रोपाची मुळे चोवीस-अठ्ठेचाळीस तासांहून फार अधिक काळ पाण्याखाली तग धरत नाहीत. शहर वाचवण्यासाठी आपल्या शेतात पाणी ठेवावे असे शेतकऱ्याला सांगायचे असेल तर त्या पिकाची किंमत कोण देणार हे आधी ठरवावे लागते. ओढ्याकाठच्या जमिनी विकत घेऊन तेथे तलाव किंवा पाणथळ जागा करणे हा पर्याय आहे, परंतु त्यासाठी शहर, काउंटी, रुग्णालय आणि कारखाना यांनी एका तिजोरीत पैसे टाकावे लागतील.

असे एकत्र येणे कोलंबसला अपरिचित आहे असे म्हणता येत नाही. शहराच्या पश्चिमेच्या प्रवेशद्वारावर, राज्य मार्ग ४६ आणि राज्य मार्ग ११ जेथे मिळतात त्याच चौकाजवळ, लुइव्हिल अँड इंडियाना रेल्वेचा रूळ रस्त्याला आडवा जात असे. मालगाड्यांची संख्या आणि लांबी वाढणार हे स्पष्ट झाल्यावर तेथे उड्डाणपूल बांधण्यात आला आणि २०२० च्या दशकाच्या सुरुवातीला तो वाहतुकीस खुला झाला. फाटक बंद असताना रुग्णवाहिका अडकून पडेल ही भीती त्या मागणीमागील एक सबळ युक्तिवाद होती. मालगाडीसाठी खोळंबलेली मोटारींची रांग दर आठवड्याला दिसत असे, आणि त्या रांगेत मतदारही असत व कामगारही. हॉ क्रीकच्या वरच्या पाणलोटात अडवायचे पाणी एखाद्या पिढीला एकदाच दिसते. म्हणून त्या कामाचा अर्ज कोणत्या कार्यालयात द्यायचा, हा प्रश्न बार्थोलोम्यू काउंटीत उड्डाणपुलाच्या प्रश्नाइतका सोपा नाही: शहराच्या हद्दीत ओढा पूर व्यवस्थापनाचा विषय आहे, हद्दीबाहेर तो निचऱ्याचा विषय आहे, पुलाखाली तो महामार्ग खात्याचा किंवा काउंटीच्या अभियंत्याचा विषय आहे, आणि या तिन्ही ठिकाणी पाणी तेच आहे.